एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय? आधी तुमची एक क्लिप उघडून बघा

"एडिटिंगसाठी कुठला लॅपटॉप घेऊ?" असं कोणी विचारलं की लगेच चार जण चार मॉडेलची नावं सांगतात, पाचवा म्हणतो मॅकच घे, सहावा म्हणतो त्यापेक्षा गेमिंगचा घे, आणि विचारणारा होता त्याच्या दुप्पट गोंधळतो. पण बाबा रे, तू शूट कशावर करतोस आणि एडिट कशात करणार आहेस, हे कोणी विचारतच नाही. खरं तर सगळं उत्तर तिथेच आहे.

माझंही तेच झालं होतं. पहिला लॅपटॉप घेतला तो प्रोसेसरचा स्टिकर बघून, सगळ्यात मोठा आकडा दिसला म्हटल्यावर मी खूश. घरी आणून फोनवरची ४के क्लिप टाइमलाइनवर टाकली, प्ले दाबलं आणि आवाज पुढे, चित्र मागे, मधेच सगळं गोठायचं. रॅम ८ जीबी, तीही बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. नाव मोठं लक्षण खोटं. दोन वर्षं तसाच ओढला तो, आणि त्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे क्रमाने सांगतो. हे हौशी लोकांसाठी आहे बरं का, म्हणजे ट्रिपचे व्हिडिओ, छोटं चॅनल, घरातली फंक्शन्स, एखादी शॉर्टफिल्म. यावर पोट असेल तर गणित वेगळं.

पायरी १: फुटेज ओळखा

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाका आणि तुमच्या फोनमधली किंवा कॅमेऱ्यातली एक नेहमीची क्लिप त्यात उघडा. चार गोष्टी लिहून ठेवा: रिझोल्यूशन, फ्रेम रेट, कोडेक, आणि बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक, ८ की १०) व त्याच्या जवळ लिहिलेलं ४:२:० किंवा ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवलीय ते). एवढ्या चार गोष्टींवर निम्मी खरेदी ठरते.

कोडेक म्हणजे व्हिडिओ आवळून बांधायची पद्धत. फोन आणि बहुतेक कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात, एच.२६५ लाच एचईव्हीसी म्हणतात. एच.२६४ आलं २००३ मध्ये, एच.२६५ आलं २०१३ मध्ये, आणि नवीन वाला जास्त आवळतो म्हणून फाईल लहान होते. आयफोनवर एचईव्हीसीमध्ये ४के ३० फ्रेमचं एक मिनिट साधारण १७० एमबीत बसतं. लोकांना वाटतं फाईल छोटी म्हणजे लॅपटॉपला हलकी, आणि नेमकं उलटं असतं.

कसं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण, मग पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त "आधीच्यापेक्षा काय बदललं" एवढंच लिहिलेलं, मग परत एक पूर्ण फ्रेम. नुसतं बघताना काही त्रास नाही, सरळ पुढे जात राहायचं. पण एडिटिंगमध्ये तुम्ही काय करता, प्लेहेड (टाइमलाइनवरची उभी रेघ) मागे ओढता, मधेच कट मारता, उलटं चालवता, आणि दर वेळी बिचाऱ्या मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळे बदल लावत लावत तुमच्या फ्रेमपर्यंत यावं लागतं. वर ४के म्हणजे एका फ्रेममध्ये ८३ लाख पिक्सेल, १०८०पी च्या बरोब्बर चौपट. म्हणून फोनवर मस्त चालणारी क्लिप टाइमलाइनवर अडखळते. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर सारख्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, फाईल अवाढव्य होते पण एडिट करताना लोण्यासारखी चालते.

आता हे बदल लावायचं काम प्रोसेसर स्वतः करायला बसला तर दमतो. म्हणून चिपमध्ये या कामासाठीच वेगळा भाग असतो, त्याला मीडिया इंजिन म्हणा किंवा हार्डवेअर डिकोडर म्हणा. तुमच्या कोडेकचा डिकोडर चिपमध्ये असेल तर साधा लॅपटॉपही पळतो, नसेल तर महागडाही रडतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

८ बिट ४:२:० वाल्यांनी निश्चिंत राहावं, गेल्या काही वर्षांतल्या जवळपास सगळ्या चिपना ते जमतं. खरी मेख १० बिट ४:२:२ मध्ये आहे. बरेच मिररलेस कॅमेरे हा ऑप्शन देतात आणि लोक "जास्त बिट म्हणजे भारी" म्हणून तो लावून बसतात. एच.२६५ मधलं १० बिट ४:२:२ इंटेलच्या इंटिग्रेटेड म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सला ११ व्या जनरेशनपासून जमतं, ॲपलच्या एम सिरीजला जमतं, एनव्हिडियाला मात्र थेट आरटीएक्स ५० सिरीजमध्ये म्हणजे २०२५ मध्ये जमायला लागलं. म्हणजे आरटीएक्स ४०७० घेऊनही या फुटेजचा डिकोडर तुमच्या ग्राफिक्स कार्डात नाही, आणि त्याच लॅपटॉपमधल्या इंटेलच्या फुकटच्या ग्राफिक्समध्ये आहे! असा कॅमेरा असणाऱ्याने एएमडी प्रोसेसर आणि जुनं एनव्हिडिया कार्ड ही जोडी घेताना दहा वेळा विचार करावा. आणि एच.२६४ मधलं १० बिट ४:२:२ असेल तर बऱ्याच हार्डवेअरला ते झेपतच नाही, कॅमेऱ्यात एच.२६५ चा ऑप्शन असेल तर तो लावा नाहीतर प्रॉक्सीचा, म्हणजे हलक्या नकलेवर एडिट करायचा मार्ग, तो पुढे पायरी १० मध्ये सांगतो.

अजून एक, फोनचं फुटेज बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेम रेटचं असतं, म्हणजे सेकंदाला कधी ३० फ्रेम कधी २९ च्या आसपास असं वरखाली. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज आणि ओठ यांची फारकत होते. हा लॅपटॉपचा दोष नाही, हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घेतलं की मिटतं. मी याच कारणावरून एकदा रॅमला शिव्या घातल्या होत्या.

पायरी २: सॉफ्टवेअर ठरवा, मगच मशीन

लोक लॅपटॉप आधी घेतात आणि सॉफ्टवेअर नंतर शोधतात. उलट करा. फायनल कट प्रो वापरायचंय तर विषय संपला, लॅपटॉपमध्ये ते फक्त मॅकवर चालतं. डाव्हिंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर प्रचंड भार टाकतं, त्यामुळे तिथे जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप आणि तिची मेमरी आधी बघायची. प्रीमियर प्रो प्रोसेसर, मीडिया इंजिन, जीपीयू सगळ्यांकडून थोडंथोडं काम करून घेतं, आणि क्विक सिंक म्हणजे इंटेलचं मीडिया इंजिन असेल तर एच.२६४, एच.२६५ मध्ये त्याचा चांगला फायदा घेतं. केडेनलाइव्ह आणि शॉटकट फुकट आहेत, ओपन सोर्स आहेत, साध्या कामाला पुरतात आणि मशीनकडून फार अपेक्षा करत नाहीत.

रिझॉल्व्हबद्दल जरा जास्त सांगतो कारण नवीन माणूस नव्वद टक्के तिकडेच जातो, फुकट आहे ना. फुकट व्हर्जन खरोखर दमदार आहे, अल्ट्रा एचडी ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट देतं, वॉटरमार्क नाही. पण हार्डवेअर वापरण्याच्या बाबतीत फुकट आणि पेड स्टुडिओ व्हर्जनमध्ये फरक आहे, विशेषतः विंडोजवर आणि लिनक्सवर तर फारच. त्यामुळे कोणी "माझ्याकडे याच लॅपटॉपवर मस्त चालतं" म्हणालं तर आधी विचारा, कुठलं व्हर्जन. नॉइज रिडक्शनही फक्त स्टुडिओमध्ये आहे, रात्रीचं शूटिंग बरंच असेल तर लक्षात ठेवा.

जमलं तर आत्ता जो काही खटारा हाताशी आहे त्यावरच फुकट सॉफ्टवेअर टाकून एक दोन मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण करून बघा. रडतखडत का होईना. त्यात तुम्हाला नक्की कुठे अडतंय ते कळेल, प्ले करताना अडतंय की इफेक्ट टाकल्यावर की बाकीची ॲप उघडल्यावर. तीनही दुखणी वेगळी आणि तिन्हीची औषधं वेगळी. प्ले करताना अडतंय तर डिकोडर, कलर किंवा ब्लर टाकल्यावर अडतंय तर जीपीयू, तीन ॲप उघडली की सगळंच मंदावतंय तर रॅम.

पायरी ३: रॅम, आणि इथे कंजूषी नको

१६ जीबी ही किमान पातळी धरा. ८ जीबी मध्ये एडिटिंग होतं का तर होतं, १०८०पी आणि प्रॉक्सी वापरून, ब्राउझर बंद ठेवून, देवाचं नाव घेत. ४के करायचंय तर ३२ जीबी असेल तर जीव शांत राहतो. टायटल्स, मोशन ग्राफिक्स, रिझॉल्व्हमधलं फ्युजन हे इफेक्टचं पान, हे रॅम खातात.

पण किती आहे यापेक्षा महत्त्वाचं, वाढवता येते का? स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर असं लिहिलेलं असेल तर ती जवळपास नक्कीच बोर्डवर सोल्डर केलेली असते, घेतली तेवढीच जन्मभर. नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ आणि पुढे एसओडिम लिहिलं असेल तर स्लॉट असतो, आज १६ घ्या, पैसे आले की वाढवा. काही लॅपटॉपमध्ये अर्धी सोल्डर आणि एक स्लॉट असा प्रकार असतो. ॲपलच्या एम सिरीजमध्ये रॅम चिपलाच चिकटलेली, तिथे प्रश्नच नाही, घेतानाच काय ते ठरवा. २०२४ च्या शेवटी एम सिरीजचे नवीन मॅक किमान १६ जीबीपासून सुरू व्हायला लागले ही एक चांगली गोष्ट झाली, पण जुन्या स्टॉकमधले आणि सेकंडहँड ८ जीबीवाले अजून फिरतायत, स्वस्त दिसतात, मोह होतो. नका घेऊ.

आणि एक कोणी सांगत नाही ते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर इंटिग्रेटेड ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि एकच स्टिक असेल तर त्याचा वेग बराच पडतो. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये तर एका स्टिकवर ग्राफिक्सचं नाव नुसतं यूएचडी दिसतं आणि दुसरी टाकली की तेच आयरिस एक्सई होतं, चिप तीच! म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. पुढे ३२ करायचे असतील तर मात्र १६ ची एक घेऊन लवकर दुसरी टाका.

पायरी ४: प्रोसेसरचं नाव शेवटपर्यंत वाचा

स्टिकरवर असतं आय ७ किंवा रायझन ५, खरी गोष्ट मात्र पुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते. यू म्हणजे कमी वीज, पातळ लॅपटॉप, बॅटरी छान, सलग जड कामाला मर्यादा. एच किंवा एचएस म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता. एचएक्स म्हणजे जवळजवळ डेस्कटॉपच उचलून लॅपटॉपमध्ये ठेवलाय, हौशी माणसाला त्याची गरज सहसा पडत नाही.

एएमडीमध्ये तर आकडे वाचताना चष्मा लावा. ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा आतलं डिझाइन कुठल्या पिढीचं ते सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ते डिझाइन २०१९ चं, चार कोअर आणि अगदी नावापुरतं ग्राफिक्स. ७६४०एचएस मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. दोघांच्याही स्टिकरवर रायझन ५! हे बघितल्यावर मला पहिल्या लॅपटॉपच्या आठवणीने पुन्हा राग आला होता.

एचच्या वर्गातला गेल्या तीन चार वर्षांतला सहा किंवा आठ दमदार कोअरचा कुठलाही प्रोसेसर हौशी एडिटिंगला पुरतो, त्याहून वर जाण्यापेक्षा ते पैसे रॅममध्ये टाका. एआय पीसी, एनपीयू (एआयच्या कामासाठीचा चिपमधला वेगळा भाग), त्याच्या वेगाचे इतके टॉप्स वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, एडिटिंग सॉफ्टवेअरमधली एआयची कामं अजून बहुतांशी जीपीयूच करतो. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला झकास आहेत पण तुमचे प्लगइन, जुनी ऑडिओ इंटरफेस, त्यांचे ड्रायव्हर चालतात का ते एकेक करून तपासावं लागतं, पहिलाच लॅपटॉप असेल तर ही उस्तवार कशाला.

पायरी ५: ग्राफिक्स कार्ड हवंच का?

साधं कट, जोड, गाणं, टायटल, थोडं कलर, एवढंच असेल तर नको. खरंच नको. चांगलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स आणि १६ जीबी ड्युअल चॅनल म्हणजे दोन स्टिकवाली रॅम पुरे. पण रिझॉल्व्हमध्ये कलर ग्रेडिंगची चटक लागली, किंवा नॉइज रिडक्शन, मास्क ट्रॅकिंग, ढीगभर ब्लर आणि ट्रान्झिशन, तर वेगळं कार्ड लागणारच.

कार्ड घेताना त्याची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीरॅम आधी बघा. एक हिशेब करून बघा: ४के ची एक फ्रेम सॉफ्टवेअर आत ३२ बिटमध्ये (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता, प्रत्येकाला ३२ बिट) उघडतं तेव्हा ती साधारण १३३ एमबी होते. एक फ्रेम! त्यावर चार इफेक्ट, दोन लेयर, मागच्या पुढच्या फ्रेमशी तुलना करणारं नॉइज रिडक्शन, म्हणजे ४ जीबी कधी भरले कळत पण नाही आणि रिझॉल्व्ह "जीपीयू मेमरी फुल" म्हणून हात वर करतं. १०८०पी ला ४ जीबी चालेल, ४के ला ६ ही सुरुवात, ८ असेल तर उत्तम.

दुसरं म्हणजे वॅट. एकाच नावाचं कार्ड दोन लॅपटॉपमध्ये सारखं काम करत नाही. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वॅटवर बसवायची कंपन्यांना मुभा आहे, आणि पातळ देखण्या लॅपटॉपमधलं कमी वॅटचं ४०६० कधीकधी जाडजूड लॅपटॉपमधल्या पूर्ण वॅटच्या ४०५० च्या पुढे जाता जाता दमतं. टीजीपी या नावाने हा आकडा शोधा, नुसत्या नावावर विश्वास नको.

ॲपलच्या एम सिरीजमध्ये वेगळी व्हीरॅम नसते, सगळी मेमरी एकच, सगळ्यांनी मिळून वापरायची. त्यामुळे तिथे १६ जीबी म्हणजे रॅम पण तीच आणि व्हीरॅम पण तीच हे लक्षात ठेवून २४ किंवा ३२ परवडत असेल तर घ्या. प्रोरेससाठीचं इंजिन साध्या एम१ मध्ये नव्हतं, एम१ प्रो, एम१ मॅक्स आणि पुढे एम२ पासून सगळ्यांत आहे.

पायरी ६: स्टोरेज

इथे लोक उगाच वेगाच्या मागे लागतात. कॅमेऱ्याचं १०० मेगाबिटचं ४के म्हणजे सेकंदाला फक्त १२.५ एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ५५० एमबीवाली साधी साटा एसएसडीसुद्धा याला डोळे मिटून पुरते, ७००० एमबी प्रति सेकंदवाली घेतली म्हणून प्लेबॅक सुधारत नाही. सुधारणारच नाही, कारण अडचण फाईल वाचण्यात नसून उलगडण्यात आहे. जागा मात्र हवी. ५१२ जीबीत विंडोज, सॉफ्टवेअर, कॅशे आणि दोन ट्रिपचं फुटेज, झालं भरलं. १ टीबी घ्या किंवा आत एसएसडी बसवायचा दुसरा एम.२ स्लॉट आहे का ते बघा, हे खालचं झाकण उघडलेल्या व्हिडिओंमध्ये लगेच दिसतं. प्रोरेसमध्ये काम करणार असाल तर आकडे बदलतात, ४के २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ तासाला २२० जीबीच्या आसपास जातं.

बाहेरची एसएसडी घेणार असाल तर पोर्ट नीट बघा. सगळी टाइप सी भोकं दिसायला सारखी असतात पण एखादं नुसतं यूएसबी २.० चं असतं, ४८० मेगाबिटचं. त्यावर ते ४५ जीबी कॉपी व्हायला वीसेक मिनिटं जातात, ५ गिगाबिटच्या पोर्टवर दोनेक मिनिटं. थंडरबोल्ट हे फार वेगवान पोर्ट असेल तर छान, नसेल तर १० गिगाबिटचं एक पोर्ट तरी असावं. एसडी कार्डचा स्लॉट असला तर रोजची एक कटकट वाचते. आणि जुनी फिरणारी हार्डडिस्क बॅकअपसाठी ठेवा, तिच्यावरून एडिट करू नका. बॅकअप ठेवाच, एसएसडी जाते तेव्हा आवाज न करता जाते.

पायरी ७: स्क्रीन

रिझोल्यूशनपेक्षा रंग बघा. स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याच्या आकड्यात ४५% एनटीएससी असं कुठे बारीक अक्षरात दिसलं तर तो लॅपटॉप एडिटिंगसाठी बाद, त्या पॅनेलवर लाल रंग विटकरी दिसतो, मग तुम्ही सॅच्युरेशन वाढवत जाता आणि फोनवर बघितलं की सगळ्यांचे चेहरे उन्हात करपल्यासारखे. १००% एसआरजीबी हवं, बस. वेबवरचा व्हिडिओ ज्या आरईसी ७०९ मध्ये असतो त्याचे मूळ रंग आणि एसआरजीबीचे मूळ रंग एकच आहेत, त्यामुळे एवढं पुरतं. ब्राइटनेस ३०० निट्सच्या वर असावा. १४४ हर्ट्झ, २४० हर्ट्झ हे गेमसाठी, तुमचा व्हिडिओ ३० फ्रेमचा आहे. १४ इंचावर ४के पॅनेल म्हणजे बॅटरीची नासाडी, टाइमलाइन १९२०×१२०० वर पण छान दिसते, १६:१० असेल तर खाली ट्रॅकला थोडी जास्त जागा मिळते. ओएलईडी बघायला सुंदर, पण एकच सॉफ्टवेअर रोज सहा सहा तास उघडं राहिलं तर त्याच्या पट्ट्या स्क्रीनवर हळूहळू कोरल्या जायची भीती असते.

रंगाच्या बाबतीत स्क्रीन बेताचीच असेल आणि बाकी सगळं जमत असेल तर पुढे एक बरा मॉनिटर जोडता येतो, रॅमसारखं हे अडकून पडत नाही.

पायरी ८: गरम होतो का ते बघा

स्पेसिफिकेशनमध्ये कुठेच न लिहिलेली गोष्ट ही. पहिली दोन मिनिटं सगळेच लॅपटॉप वाघ असतात, वीस मिनिटांच्या एक्सपोर्टमध्ये कळतं कोण किती पाण्यात आहे. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून रिव्ह्यू बघताना सलग चाचणीचे आकडे शोधा, कुठलीतरी चाचणी दहा मिनिटं लूपवर चालवलेली, एकदाच चालवलेली नाही. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य आणि छोट्या व्हिडिओंना उत्तम, पण तासाभराचं लग्न एक्सपोर्ट करायला लावलं तर हळू पडतो.

गेमिंग लॅपटॉप दिसायला भडक असले तरी थंड ठेवायच्या बाबतीत बरे असतात, पंखा मात्र मिक्सरसारखा. शेजारी माइक ठेवून व्हॉइसओव्हर करायचा असेल तर हे आधीच लक्षात घ्या. आणि चार्जर काढला की वेगळ्या कार्डवाल्या बहुतेक लॅपटॉपची ताकद धाडकन पडते, बॅटरीवर बाहेर बसून एडिट करायची हौस असेल तर मॅकला तोड नाही हे विंडोजवाला असून कबूल करतो.

पायरी ९: सेकंडहँड चालेल का

चालेल, आणि कित्येकदा तेच शहाणपणाचं असतं. ६ जीबीवालं आरटीएक्स ३०६० किंवा १६ जीबीचा एम१ प्रो आजही हौशी कामाला भरपूर आहे. फक्त बॅटरीच्या किती सायकल (पूर्ण चार्ज) झाल्या ते बघा, एसएसडीचं आयुष्य किती उरलंय हे क्रिस्टलडिस्कइन्फो सारख्या टूलने बघा, पंख्याचा आवाज ऐका, सगळी पोर्ट एकेक करून तपासा. आणि स्वतःची क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा, तिथेच प्ले करून मागेपुढे ओढून बघा. विकणारा वैतागला तरी चालेल.

पायरी १०: आणल्यावर पहिल्या आठवड्यात

नवीन असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत त्याला घाम फोडा. वीस मिनिटांचा एक ४के प्रोजेक्ट बनवा, एक्सपोर्ट करा, वेळ लिहा, आणि लगेच तोच परत एक्सपोर्ट करा. दुसऱ्यांदा थोडा जास्त वेळ लागला तर ठीक, दीडपट लागला तर कूलिंग कच्चं आहे. एचडब्ल्यूइन्फो हे टूल चालू ठेवलं तर प्रोसेसर आणि जीपीयू किती वॅट घेतायत तेही दिसतं, पेटीवर लिहिलेला टीजीपी खरा की काय ते तिथेच उघडं पडतं. विंडोजमध्ये पॉवर मोड बॅलन्स्डवर असेल तर आधी तो वर करा आणि मगच निष्कर्ष काढा, नाहीतर चांगला लॅपटॉप उगाच परत कराल. मी एक केला होता.

मग प्रॉक्सी चालू करायला शिका. तुमच्या जड क्लिपची एक हलकी नक्कल बनवायची, ४के ची १०८०पी किंवा त्याहून लहान, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेल्या कोडेकमध्ये, एडिट त्या नकलेवर करायचं आणि एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाईल वापरतं. क्वालिटी कुठेच जात नाही. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, केडेनलाइव्ह सगळ्यांत ही सोय आहे, रिझॉल्व्हबरोबर तर २०२२ पासून वेगळं प्रॉक्सी जनरेटर ॲपच येतं, एका फोल्डरवर लक्ष ठेवायला सांगायचं आणि झोपायचं, सकाळी सगळ्या नकला तयार. माझा तो ८ जीबीवाला लॅपटॉप दोन वर्षं चालला तो याच्याच जोरावर. तेव्हा अजून खरेदी केली नसेल तर जुन्या मशीनवर आधी एकदा प्रॉक्सी बनवून बघा. कदाचित रॅमची एक स्टिक टाकून काम भागेल.